हायड्रोजन साठवायचा कशात?
बहुवारिक नॅनोसंमिश्रांचा परिचय

काही महिन्यांपूर्वी पंचायत सदस्यांच्या एका प्रशिक्षण वर्गात हरित हायड्रोजनाविषयी माहिती देण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. पाण्यापासून मिळणारे आणि जळल्यावर पुन्हा पाणीच देणारे इंधन, असे त्याचे वर्णन करून झाले. तेव्हा मागच्या रांगेतील एका वयस्क सदस्यांनी विचारले, "साहेब, जत्रेतल्या फुगेवाल्याच्या टाकीत असतो तोच ना हा वायू? आमच्या जत्रेत ती टाकी फुटली होती. मग हा तुम्ही ठेवणार कशात?"

प्रश्न साधा होता. पण नेमक्या मर्मावर बोट ठेवणारा होता. हायड्रोजन तयार करण्याच्या रीती मानवास दोन शतकांहून अधिक काळ ठाऊक आहेत. तो सुरक्षितपणे, थोड्या जागेत आणि परवडेल अशा खर्चात साठवावा कसा, हा प्रश्न मात्र अद्याप पुरता सुटलेला नाही. धान्य उदंड पिकले, पण कणगी धड नसेल, तर त्या पिकाचा उपयोग काय? त्या दिवशी वर्गात दिलेले उत्तर अपुरे होते. ते थोडेफार पुरे करावे, हा या लेखाचा हेतू आहे.

वजनाने हलका, जागेला भारी

हायड्रोजन हे विश्वातील सर्वांत हलके मूलद्रव्य होय. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने १७६६ साली या वायूचे वेगळेपण दाखवून दिले आणि पुढे फ्रान्सच्या लाव्हाझ्येने त्याला आजचे नाव दिले. एक किलोग्रॅम हायड्रोजन जाळला असता सुमारे १२० मेगाज्यूल उष्णता मिळते; एक किलोग्रॅम पेट्रोलपासून सुमारे ४४ मेगाज्यूल. म्हणजे वजनास वजन धरले, तर हायड्रोजन पेट्रोलच्या जवळजवळ पावणेतीन पट बलवान ठरतो.

परंतु हिशेब जागेचा मांडला की चित्र उलटते. सामान्य दाबाला एक किलोग्रॅम हायड्रोजन सुमारे ११ हजार लिटर जागा व्यापतो. आपल्या स्वयंपाकघरातील गॅसच्या टाकीचे उदाहरण घेऊ. तिच्यात १४.२ किलोग्रॅम गॅस मावतो, कारण थोड्याशा दाबाने तो गॅस द्रवरूप होतो. त्याच टाकीत नेहमीच्या दाबाला हायड्रोजन भरला, तर तो तीन ग्रॅमदेखील भरणार नाही. शिवाय कितीही दाबला तरी नेहमीच्या तापमानाला हायड्रोजन द्रवरूप होत नाही. त्यासाठी त्याचे तापमान उणे २४० अंश सेल्सिअसच्याही खाली न्यावे लागते.

याखेरीज त्याचे काही स्वभावदोष आहेत. त्याला रंग नाही, वास नाही. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत असले तरी ते मिश्रण पेट घेऊ शकते, आणि त्यासाठी अगदी क्षीण ठिणगी पुरते. त्याचा रेणू इतका लहान, की तो बारीक फटींतून निसटतो आणि काही जातींच्या पोलादात शिरून ते ठिसूळ करतो. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट येथे 'हिंडेनबर्ग' हे हायड्रोजनाने भरलेले जर्मन विमानपोत उतरताना पेटले आणि ३६ माणसे प्राणास मुकली. त्या दुर्घटनेची आठवण जग अद्याप विसरलेले नाही. जत्रेतील टाकीविषयी विचारणाऱ्या सदस्यांची शंका म्हणूनच अनाठायी नव्हती. एक गोष्ट मात्र हायड्रोजनाच्या बाजूने सांगावयास हवी. उघड्यावर सुटला की तो झपाट्याने वर निघून जातो, जमिनीलगत साचून राहत नाही. धोका आहे तो बंदिस्त जागेत आणि सदोष टाकीत.

आजवरचे तीन मार्ग

हायड्रोजन साठविण्याचे आजवर तीन मुख्य मार्ग चोखाळले गेले. पहिला दाबाचा. जाड पोलादी नळकांड्यात हायड्रोजन कोंबून भरणे ही जुनी रीत. पण अशा नळकांड्यात वायूचे वजन एकूण वजनाच्या अवघ्या एका टक्क्याच्या आसपास भरते. म्हणजे शंभर किलो ओझे वाहावे, तेव्हा किलोभर इंधन पदरी पडावे. आधुनिक मोटारींतील टाक्या याहून कितीतरी हलक्या आहेत. त्यांत ७०० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सातशे पट दाब सोसला जातो. त्या दाबालाही एका लिटरमध्ये सुमारे ४० ग्रॅम हायड्रोजनच मावतो.

दुसरा मार्ग थंडीचा. जेम्स ड्यूअर यांनी १८९८ साली हायड्रोजन द्रवरूप करून दाखविला. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशांवर ठेवावा लागतो आणि तेव्हा एका लिटरमध्ये सुमारे ७१ ग्रॅम मावतो. अग्निबाणांसाठी हा मार्ग उपयोगी पडला. पण एवढी थंडी निर्माण करण्यातच त्या इंधनातील उर्जेच्या सुमारे ३० टक्क्यांइतकी ऊर्जा खर्ची पडते, आणि टाकी कितीही चांगली असली तरी थोडा थोडा द्रव उकळून उडत राहतो.

तिसरा मार्ग धातूंचा. टॉमस ग्रॅहॅम यांना १८६६ साली असे आढळले, की पॅलॅडियम हा धातू आपल्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात सामावून घेतो. स्पंजाने पाणी शोषावे, तसे काही धातू हायड्रोजन शोषतात व तापविल्यावर तो परत देतात. अशा संयुगांना हायड्राइड म्हणतात. पॅलॅडियम सोन्यासारखा महाग; पण मॅग्नेशियम स्वस्त, हलके आणि विपुल आहे. मॅग्नेशियम हायड्राइडमध्ये वजनाने ७.६ टक्के हायड्रोजन असतो. येथे दाबाची भीती नाही, की गोठविणाऱ्या थंडीची गरज नाही.

मग अडले कुठे? मॅग्नेशियम हायड्रोजन घेते सावकाश आणि सोडते ते सुमारे ३०० अंश सेल्सिअसला. हवा किंवा बाष्प लागले की त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि हायड्रोजनाची वाट बंद होते. त्याचे पीठ केले तर काम लवकर होते, पण ते पीठ हवेत पेट घेण्याचा संभव असतो. या पेचातून सुटण्यासाठी शास्त्रज्ञ बहुवारिकांकडे वळले.

बहुवारिक आणि नॅनो

लहान रेणूंच्या कड्या एकमेकींत गुंफून तयार झालेल्या लांबलचक साखळ्यांना बहुवारिक म्हणतात. कापसातील सेल्युलोज, रबर, नायलॉन, पॉलिथीन ही सारी बहुवारिकेच. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. बहुवारिकाच्या गाभ्यात दुसऱ्या एखाद्या पदार्थाचे नॅनोमीटर मापाचे कण सर्वत्र सारखे पसरविले, की नॅनोसंमिश्र तयार होते. मातीत भुसा कालवून विटा घालणारा कारागीर संमिश्राचे तत्त्व जाणतोच. येथे फरक आहे तो कणांच्या आकाराचा.

कण लहान केल्याने काय साधते, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. एक सेंटिमीटर बाजू असलेला मॅग्नेशियमचा घन घ्या. त्याच्या सहा पृष्ठभागांचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचे पाच नॅनोमीटर बाजूचे घन पाडले अशी कल्पना करा. त्या साऱ्या कणांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १,२०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १२ गुंठे होते. बोटाच्या पेरावर मावणाऱ्या धातूला बारा गुंठ्यांचे अंगण लाभते. हायड्रोजनाला आत शिरण्यास तितकी दारे उघडतात. शिवाय प्रत्येक कणाच्या मध्यापर्यंतचे अंतर इतके थोडे उरते, की वायू तेथवर क्षणात पोचतो.

शिक्षकबंधूंना हे तत्त्व वर्गात बटाट्यावर दाखविता येईल. दोन सेंटिमीटर बाजूचा घन कापून त्याचे एक सेंटिमीटर बाजूचे आठ घन करावेत आणि दोन्ही वेळचे क्षेत्रफळ विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावे. २४ चौरस सेंटिमीटरचे ४८ झालेले दिसतील. बटाटा मात्र तेवढाच.

बर्कले येथील प्रयोग

अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०११ साली या दिशेने एक महत्त्वाचे पाऊल टाकले. सुमारे पाच नॅनोमीटर आकाराचे मॅग्नेशियमचे स्फटिक त्यांनी पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट या बहुवारिकात बसविले. नाव अवघड असले तरी वस्तू आपल्या परिचयाची आहे. दुकानांच्या पाट्यांसाठी जे पारदर्शक ॲक्रिलिक वापरतात, तेच हे.

या बहुवारिकाची निवड विचारपूर्वक झाली होती. हायड्रोजनाचा चिमुकला रेणू त्याच्या साखळ्यांमधून सहज पार होतो. ऑक्सिजन व पाण्याची वाफ यांची वाट मात्र ते अडविते. चाळणीतून पीठ खाली पडावे आणि कोंडा वर राहावा, तसाच हा प्रकार. परिणामी हवेत उघडे ठेवूनही आतील मॅग्नेशियम टिकून राहिले. २०० अंश सेल्सिअसला अर्ध्या तासाच्या आत त्यात हायड्रोजन भरता आला आणि त्यासाठी महागड्या धातूंचे उत्प्रेरक लागले नाहीत. मॅग्नेशियमच्या वजनाच्या सुमारे ६ टक्के हायड्रोजन त्यात साठला. बहुवारिकासह एकूण वजन धरता हे प्रमाण सुमारे ४ टक्के भरले.

सहा आणि चार या दोन आकड्यांतील अंतर वाचकांनी ध्यानी घ्यावे. बहुवारिक धातूचे रक्षण करते, परंतु स्वतः हायड्रोजन साठवीत नाही. राखणदाराचे वेतन धन्याला द्यावेच लागते. याशिवाय टाकी, नळ्या, तापविण्याची व्यवस्था यांचे वजन वेगळे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने मोटारींसाठी अंतिम उद्दिष्ट ठरविले आहे, ते संपूर्ण साठवण-व्यवस्थेच्या वजनाच्या ६.५ टक्के आणि लिटरमागे ५० ग्रॅम असे. प्रयोगशाळेतील चूर्णाचा आकडा आणि रस्त्यावरील गाडीचा आकडा यांची गल्लत होता कामा नये.

दावे आणि पडताळणी

बहुवारिकांचा आणखी एक उपयोग शोधला जात आहे, तो म्हणजे त्यांनाच सच्छिद्र करून त्यांच्या छिद्रांच्या भिंतींवर हायड्रोजन चिकटवून ठेवण्याचा. ज्यांच्या साखळ्या वाकड्यातिकड्या व ताठर असल्याने एकमेकींत घट्ट बसू शकत नाहीत, अशी बहुवारिके इंग्लंडमधील मँचेस्टर येथे २००४ च्या सुमारास पुढे आली. अशा पदार्थांच्या एका ग्रॅमला कित्येक शेकडा चौरस मीटर अंतर्गत पृष्ठभाग असतो. ढोबळ नियम असा, की उणे १९६ अंशांना ग्रॅममागे दर ५०० चौरस मीटर पृष्ठभागास सुमारे एक टक्का हायड्रोजन चिकटतो. परंतु ही पकड फार दुबळी असते. तापमान नेहमीच्या पातळीवर येताच बहुतेक हायड्रोजन सुटून जातो.

या क्षेत्रात मोठमोठे दावे झाले आणि त्यांतील काही टिकले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १९९७ साली कार्बनच्या नॅनोनलिकांत ५ ते १० टक्के हायड्रोजन साठू शकतो, असा अंदाज प्रसिद्ध झाला आणि जगभर उत्साहाची लाट उसळली. पुढील काटेकोर मोजमापांत नेहमीच्या तापमानाला एवढे प्रमाण आढळले नाही. २००२ साली पॉलिॲनिलीन व पॉलिपायरोल या वीजवाहक बहुवारिकांवर हायड्रोक्लोरिक आम्लाची प्रक्रिया केली असता त्यांत नेहमीच्या तापमानाला ६ ते ८ टक्के हायड्रोजन साठतो, असे मांडण्यात आले. जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी तेच पदार्थ तयार करून पुन्हा मोजले, तेव्हा त्यांत दखल घेण्याजोगा हायड्रोजन सापडला नाही. २००५ साली त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

यात कोणाची लबाडी होती असे समजण्याचे कारण नाही. हायड्रोजन इतका हलका, की नमुन्यातील किंचित ओलावा किंवा उपकरणातील सूक्ष्म गळतीसुद्धा आकडा फुगवू शकते. विज्ञानाचे बळ यातच आहे, की एकाने केलेले मोजमाप दुसरा पुन्हा करून पाहतो. अधिकाऱ्यांच्या टेबलावर नव्या तंत्रज्ञानाचा एखादा प्रस्ताव येतो, तेव्हा हा धडा उपयोगी पडावा. मोजमाप कोणत्या तापमानाला व दाबाला झाले, आकडा निव्वळ पदार्थाचा की पूर्ण टाकीचा, आणि तो स्वतंत्रपणे कोणी पडताळला आहे काय, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून प्रस्ताव पुढे सरकू नये.

टाकीच्या भिंतीतील काळी माती

बहुवारिकांची जी कामगिरी आज प्रत्यक्ष रस्त्यावर दिसते, ती टाकीच्या भिंतीत. जपानच्या टोयोटा कंपनीने २०१४ साली 'मिराई' ही हायड्रोजनवर चालणारी मोटार बाजारात आणली. तिच्या ७०० बार दाबाच्या टाक्यांना आतून बहुवारिकाचे अस्तर असून त्यावर राळेत भिजविलेल्या कार्बन तंतूंचे वेढे आहेत. अस्तर वायूला अडविते, तंतू दाब सोसतात. त्यामुळे टाकीच्या वजनाशी हायड्रोजनाचे प्रमाण ५.७ टक्क्यांवर गेले. जुन्या पोलादी नळकांड्यांशी तुलना करता ही मजल थोडी नव्हे.

परंतु बहुवारिकाच्या अस्तरातून हायड्रोजन हळूहळू झिरपतो. रात्री फुगविलेला फुगा सकाळी मलूल होतो, त्याचे कारणही हेच. ही झिरप कमी करण्याचा एक उपाय म्हणजे अस्तरात मातीचे नॅनोकण मिसळणे. माँटमोरिलोनाइट या खनिजाचे पापुद्रे जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे असतात. नायलॉनमध्ये ते पापुद्रे सुटे करून पसरविण्याचे तंत्र टोयोटाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात साध्य केले. असे पापुद्रे आडवे पसरले, की वायूच्या रेणूला सरळ वाट राहत नाही. जुन्या गावठाणातील बोळांतून वळणे घेत जावे, तसे त्याला जावे लागते आणि झिरप मंदावते.

माँटमोरिलोनाइट हे आपल्यालाही परके नाही. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीत त्याचे प्रमाण मोठे आहे. पावसाळ्यात जमीन फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, ते या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते व निघून जाते म्हणूनच. शेतकऱ्याला भेगांनी हैराण करणारा हा गुण प्रयोगशाळेत पापुद्रे सुटे करण्याच्या कामी येतो.

उरलेल्या अडचणी

मॅग्नेशियम व बहुवारिक यांच्या संमिश्रापुढील सर्वांत बिकट अडचण उष्णतेची आहे. हायड्रोजन धातूत शिरताना उष्णता बाहेर पडते आणि तेवढीच उष्णता त्याला बाहेर काढताना द्यावी लागते. मॅग्नेशियमच्या बाबतीत ती किलोग्रॅम हायड्रोजनामागे सुमारे ३७ मेगाज्यूल, म्हणजे त्या इंधनापासून मिळणाऱ्या उर्जेच्या सुमारे तीस टक्के भरते. पाच किलो हायड्रोजन पाच मिनिटांत भरावयाचा म्हटले, तर तेवढा वेळ सुमारे ६०० किलोवॉट दराने उष्णता बाहेर काढावी लागेल. बहुवारिके तर उष्णतेची मंद वाहक. म्हणूनच कढईच्या मुठी त्यांच्या करतात. संमिश्रात ग्रॅफाइटसारखे उष्णतावाहक पदार्थ मिसळून हा दोष कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण मिसळलेला प्रत्येक पदार्थ वजन वाढवितो. शिवाय उच्च तापमानाला बहुवारिक मऊ पडते. शेकडो वेळा भरण-उपसा झाल्यानंतर त्याचे अस्तर व आतील कण जागच्या जागी राहतील काय, हेही पाहावे लागते.

यावरून हा मार्ग निरुपयोगी ठरत नाही. जेथे वजनाची चिंता नाही आणि उष्णता हाताशी आहे, अशा कारखान्यांत किंवा सौर विजेच्या स्थिर साठवणुकीत धातूंची हायड्राइडे अधिक शोभतील. धावत्या वाहनांसाठी तूर्त दाबाची टाकीच पुढे आहे.

आपल्या राज्याच्या संदर्भात

केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. १९,७४४ कोटी रुपये खर्चाच्या या अभियानात २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन निर्माण करण्याची क्षमता उभी करण्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने राज्याचे हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये, केपीआयटी कंपनी आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद यांनी विकसित केलेली हायड्रोजन इंधन घटावरील बस पुण्यात सादर झाली होती. दाबाखालील वायूच्या टाक्यांना मान्यता देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. निर्मिती, संशोधन आणि सुरक्षा या तिन्ही अंगांनी हा विषय आपल्या दाराशी आलेला आहे.

किलोभर हायड्रोजनासाठी निदान ९ लिटर शुद्ध पाणी आणि ५० युनिटांहून अधिक वीज लागते. एवढ्या मोलाने मिळविलेले इंधन साठवणुकीत वाया जाणे कोणत्याही राज्यास परवडणारे नाही, आणि साठवणुकीतील हयगयीने माणसे दगावणे तर मुळीच क्षम्य नाही.

आता त्या वयस्क सदस्यांच्या प्रश्नाकडे वळू. होय, फुगेवाल्याच्या टाकीत बहुधा हाच वायू असतो. पुष्कळदा तो कॉस्टिक सोडा व ॲल्युमिनियमचे तुकडे एकत्र करून त्याच टाकीत तयार केला जातो. ती टाकी या कामासाठी घडविलेली नसते, तिची तपासणी झालेली नसते आणि आतील दाब किती चढला हे कोणास कळत नाही. स्फोट होतो तो यामुळे. मोटारीतील टाकीच्या प्रत्येक थरामागे मोजमाप, परीक्षा आणि मान्यता असते. वायू तोच, फरक आहे तो कणगीचा आणि ती तपासणाऱ्या नजरेचा.

नॅनोसंमिश्रे बाजारात येतील तेव्हा येवोत. जत्रा मात्र दर वर्षी भरते. जत्रेत परवानगी देताना घरगुती रीतीने वायू बनविणारी टाकी आत येऊ न देणे, हे काम ग्रामपंचायतीला आजच करता येण्यासारखे आहे. शाळेत आम्ल व जस्त यांपासून हायड्रोजन तयार करण्याचा प्रयोग दाखविताना तो परीक्षानळीपुरताच ठेवावा, बाटल्यांत साठवू नये, एवढी दक्षता शिक्षकांनी घ्यावी. प्रशिक्षण वर्गात तो प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांचे आभार मानण्याचे त्या दिवशी राहून गेले होते. ते येथे मानतो.